आतून ओल्या काचा

ती गाडी बाबांनी आईच्या दम्यासाठी घेतली होती. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून त्यांच्याबद्दल भलतंच मत व्हायचं.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या जुन्या गाड्या विकायला निघाल्या. बाबा नुकतेच ओव्हरसियरच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. त्यांनी त्यातली एक रुग्णवाहिका घेतली. तिच्यात फळ्यांचे तीन बिछाने केले, कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह बसवला आणि दोन्ही बाजूंना काचेच्या सरकत्या खिडक्या लावल्या. थंडीत आईला शहराच्या धुरापासून दूर, मोकळ्या हवेत ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मोकळी हवा म्हणजे शहापूर आणि मुरबाड, असं बाबांनी ठरवलं.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरीच बसले होते. आईची देखभाल करायला बरोबर निघाले.

पहिला मुक्काम शहापूरच्या पुढे, माहुली किल्ल्याच्या पायथ्याशी. पहाटे जागी झाले ती गालावर थेंब पडला म्हणून. सगळ्या काचांवरून पाणी ओघळत होतं. खिडकीखालची आईची उशी आणि गोधडीची कड ओली झाली होती.

“दव,” बाबा म्हणाले. “फटीतून आत येतं.”

छपरात हवा जायला मुळातच एक जाळी होती. बाबांनी त्याच दिवशी तिच्यावर पत्रा ठोकला. दुसऱ्या दिवशी खिडक्यांच्या चौकटींभोवतीच्या फटी लांबी भरून बुजवल्या. आईला सकाळ-संध्याकाळ ओव्याचा वाफारा द्यायचा असे, तोही दार लावून, तिला वारा लागू नये म्हणून. पाणी वाढतच गेलं. मग बाबांनी बशीत खडेमीठ ठेवून पाहिलं, काचांना आतून साबण चोळून पाहिला. मिठाचा चिखल झाला. साबणाचे पांढरे ओघळ आईच्या पांघरुणावर उतरले. काचा पुसायचं काम माझं. रोज दोन फडकी पिळून वाळत घालायची.

पाणी बाहेरून येत नव्हतं, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं होतं. कळलं म्हणजे आठवलं. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरबाईंनी टेबलावर बर्फाच्या पाण्याचा पेला ठेवून आम्हाला तो पाहायला लावला होता. पेल्यावर थेंब आले ते पेल्यातून नाही, आमच्या खोलीतल्या हवेतून. मी वहीत पेल्याची आकृती काढली होती आणि त्याखाली बाईंनी शाबासकी लिहिली होती.

पण मी बोलले नाही. वर्षभरापूर्वी घरी पाहुणे असताना बाबा नव्या जिन्याची आखणी दाखवत होते. पायऱ्यांची उंची जुळत नाही, एवढंच मी म्हणाले. बाबा हसत म्हणाले, “आता मडमबाई आम्हाला जिने बांधायला शिकवणार!” पाहुणे पोट धरधरून हसले. नंतर आठ दिवस बाबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. जिना मात्र गुपचूप दुरुस्त झाला.

मुरबाड करून आम्ही धसईजवळ मुक्कामाला आलो. दव टाळायचं म्हणून बाबांनी गाडी मुद्दाम एका मोठ्या आंब्याखाली लावली. शेजारच्या घरातली बाई सकाळी चरवीतून दूध घेऊन यायची. मी पेंढ्याच्या वळईवर वाळत टाकलेल्या गोधड्या पाहून तिनं आईला विचारलं, “वयनी, रातच्याला गारीत पूर आलता का काय गो?”

आई हसली आणि हसता हसता खोकली.

“तुमच्याकडे दव फार,” बाबा म्हणाले.

बाईनं चरवी खाली ठेवली आणि काचेवरून बाहेरच्या बाजूनं बोट फिरवलं. बोट कोरडं. “आंब्याखाली कुठलं दव, दादा? बाहेरनं कोरं हाय. ह्यो तुमचाच वाफारा. आमच्या घराला बगा, कूड नि छपराच्या मदी हातभर फट हाय. चुलीचा धूर जातो, मानसाचा वाफारा बी जातो. ह्या डब्यातनं जाल कुठनं तो?”

“ऐकलंस?” बाबा मला म्हणाले. “आता हिच्याकडून इंजिनिअरिंग शिकायचं. तू सांग. इतकी वर्षं इंग्रजी शाळेत घातलं तुला. काय म्हणतं तुमचं सायन्स?”

ते पहिल्यांदाच मला काही विचारत होते. बाई माझ्याकडे पाहत होती, आईही. एक वाक्य पुरलं असतं. पण बाबांच्या चेहऱ्यावर जे होतं, तो प्रश्न नव्हता.

“नक्की नाही सांगता येणार,” मी म्हणाले.

बाईनं चरवी उचलली. “शिकल्याली हाय नि तिला म्हाईत नाय,” ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली आणि गेली.

त्या दुपारी बाबांनी उरलेल्या फटींवर जाड लोकरी नमद्याच्या पट्ट्या ठोकल्या. पट्ट्या मी धरल्या होत्या.

दुसऱ्या सकाळी छतावरूनही पाणी ठिबकत होतं. आई भिजल्या बिछान्यावर गुडघ्यांवर कोपरं टेकून बसली होती. खांदे वरखाली होत होते, ओठ निळे पडले होते, शब्द फुटत नव्हता. बाबा घाईघाईनं स्टोव्ह पेटवत होते. वाफाऱ्यासाठी. मी फडकं घेऊन काच पुसत होते. दुसरं काय करावं हे माहीत असून मी काच पुसत होते.

दार बाहेरून बाईनं ओढलं. “अगो बाय! आदी त्यो इस्टो इजवा! मानूस गुदमारतंय नि तुमी दारं लावून बसलाव?”

आम्ही आईला कल्याणला नेलं. वाटेत मी खिडकीची पट्टी उपटून काच सरकवली. बाबा पुढून ओरडले, “लाव ती, वारा लागेल तिला.” माझा हात काचेकडे गेला. आईनं तो धरून ठेवला.

छातीत कफ धरून ताप भरला होता. महिनाभर इस्पितळात काढून ती घरी आली, पण त्यानंतर तिला आडवं होऊन झोपता आलं नाही. तक्के लावून ती बसूनच झोपते. एकदा तिच्या पाठीमागचे तक्के नीट करत असताना तिनं विचारलं, “तुला माहीत होतं ना?”

“हो. आणि तुला?”

“उशी रोज माझ्याच तोंडापाशी भिजायची गं.”

“मग बोलली का नाहीस?”

“इतक्या हौसेनं करत होते ते,” ती म्हणाली. मग तक्क्याला टेकत, “तू तरी बोलशील असं वाटलं होतं.”

कुणी विचारलं की बाबा आजही सांगतात, मुरबाडकडची हवा दमट, हिला मानवली नाही. गाडी विकायला काढली तेव्हा वर्तमानपत्रातली जाहिरात इंग्रजीत हवी होती. त्यांनी मला समोर बसवून मजकूर सांगितला: उत्तम स्थितीत, झोपायची सोय तिघांची, सर्व बाजूंनी घट्ट बंद, दवाचा एक थेंबही आत येत नाही.

आतल्या खोलीत आई तक्क्यांना टेकून बसली होती. मजकूर तिला स्पष्ट ऐकू जात होता. मी तो शब्दन् शब्द उतरवला. अक्षर माझं चांगलं आहे. बाबांनी कागद वाचून मान डोलावली आणि म्हणाले, शाळेचे पैसे वाया गेले नाहीत.