रिकाम्या बाटलीतला डोंगर

सकाळी दहा वाजून सतरा मिनिटांनी रिकाम्या बाटलीतून तेल निघालं, आणि आमच्या तेल तपासायच्या लॅबच्या किश्श्यांत माझीही भर पडली. इथं किस्से बाटल्यांसारखेच, कितीही आवरा, रोज नवे जमतात!

माझं शिक्षण सातवी. काम बोटाएवढ्या बाटल्या धुण्याचं, सुकल्या की झाकणं लावण्याचं. शबाना मॅडम त्यात तेलाचा थेंब पातळ करून मशीनला देतात. तेलातले घटक नळीतून एकेक करून बाहेर पडतात, पडद्यावर प्रत्येकाचा डोंगर उमटतो.

*

एकदा केकमध्ये घालायचं इमल्सिफायर आलं, तेल-पाणी एकजीव करणारं. मॅडम म्हणाल्या, "यात मोनो नावाचा घटक किती, डाय नावाचा किती, बघायचंय."

मी म्हटलं, "अगं बाई, केकमध्ये डाय?"

शेजारी उभ्या आमच्या साहेबांचा, जाधव सरांचा हात आपसूक स्वतःच्या काळ्याभोर केसांकडं गेला!

*

सोयगावकडचे एक घाणेवाले काका तेल घेऊन आले. "अस्सल शेंगदाणा!" डोंगर उमटले पामतेलाचे.

काका भडकले, "तुमच्या मशीनला शेंगदाणा ओळखता येत नाय व्हय?"

मी म्हटलं, "येतो ना काका. म्हणून तर शोधतंय बिचारं!"

*

आता माझं. रोजची पहिली बाटली बिनतेलाची, तेल पातळ करायच्या नुसत्या द्रावकाची. रेघ सपाट यायला हवी. तर तिथं डोंगर!

"बाटल्या कोण धुतं?" जाधव सर म्हणाले. "आठवडाभर बघतो. नाहीतर दुसरी बाई."

चार वर्षांच्या लेकीची, परीची बालवाडी माझ्या पगारावर. बाटल्या तीन-तीनदा धुतल्या. डबा तसाच घरी नेला. डोंगर हलेना! गुरुवारी मात्र रेघ सपाट. शुक्रवारी पुन्हा डोंगर.

मॅडमनी बाजूला घेतलं. "ताई, काल सकाळी काय वेगळं केलं?"

"काय नाय. परी आजीकडं होती, छावणी भागात. वेणी घालायची नव्हती."

"वेणीला तेल?"

"लई! खोबरेल."

"आणि हातमोजे?"

"झाकणं निसटतात, म्हणून काढते..."

मॅडमनी माझं बोट कापसानं पुसलं, कापूस द्रावकात बुडवला, ते द्रावक मशीनला दिलं. मी पडद्यापुढं उभी. त्याच जागी तोच डोंगर!

मॅडम ओरडल्या, "सर, चोर सापडला! बालवाडीत आहे!"

जाधव सर हसले. मला हातमोज्यांचा छोटा साइज आणून दिला.

*

तेव्हापासून परीची वेणी तिचे पप्पा घालतात. परवा बालवाडीतल्या बाईंनी परीला जवळ घेऊन हळूच विचारलं, "बाळा, आई आजारी आहे का गं?"

क्रांती चौकाकडं कुणी जात असाल, तर बालवाडीत एवढा निरोप द्या: आई ठणठणीत आहे, कामावर आहे.