पडदे उद्या!

पडदे शिवणारी आत्या कुणाचं ऐकून घेणाऱ्यांतली नव्हतीच. त्यात शाळेच्या मोठ्या बाईंनी तिच्या भाचीला, म्हणजे बारकीला, चौथीतून परत तिसरीत बसवायची भाषा केली आणि आत्याचं डोकंच फिरलं. कारण काय, तर पोरगी एकेक अक्षर चाचपडत वाचते आणि ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरते.

"सांगितलेली गोष्ट हिला शब्दन् शब्द कळते. मग पुस्तकातच काय घोडं अडतंय?" असं म्हणत आत्यानं मशीन थांबवलं, मोबाइल पडद्यांच्या ढिगावर ठेवला आणि बारकीचा धडा रेकॉर्ड केला. सावकाश, स्वल्पविरामाला दम खात. मध्येच दारात गिऱ्हाईक आलं. "पडदे उद्या!" असं खेकसून आत्या पुढे वाचत राहिली. ते पुसायचं कसं, हे तिला कुठे माहीत होतं!

बारकी रोज ऐकायची. ओळीवर बोट फिरवत आधी आवाजामागून वाचायची, मग आवाजाबरोबर. असे सात-आठ धडे झाले आणि एका दुपारी तिनं आपणहून मोबाइल बंद करून पुढचं, कधीच न ऐकलेलं पान वाचलं. आत्याला रडूच फुटलं. मग सुई हरवल्याचं निमित्त करून ती बराच वेळ मशीनखाली वाकून राहिली.

मोठ्या बाईंनी दोघींना बोलावलं आणि नेमका तो पहिलाच धडा उघडला. बारकीनं घडाघडा वाचला आणि त्या जागी आल्यावर सवयीनं ठणकावलं, "पडदे उद्या!"

बाई हसल्या. "नुसती पोपटपंची! पाठ केलंय हिनं. पत्र तयारच आहे, तिसरीत बसू दे."

आत्या ताडकन उठली. टेबलावरचं ते पत्र उचलून तिनं बारकीच्या हातात दिलं.

"हे काही मी रेकॉर्ड केलेलं नाही. वाच गं."

बारकीनं ओळीखाली बोट धरलं. "सदर... विद्या... विद्यार्थिनीस," ती अडखळली, मागे आली आणि पुन्हा निघाली. "सदर विद्यार्थिनीस वाचता येत नसल्यामुळे, तिला इयत्ता तिसरीत बसवण्यात येत आहे."

स्वल्पविरामाला तिनं दमसुद्धा खाल्ला होता.

आत्यानं पत्र बाईंपुढे ठेवलं आणि त्यांचंच पेन उघडून त्यांच्या हातात दिलं.

"करा सही. तिनंच वाचून दाखवलंय तुम्हाला."