लेलंड कोटा, गैरहजर

दीडशे नावं एकाच सुरात, न अडखळता पुकारायची, तर घसा हवा आणि निर्विकार तोंड हवं. व्हर्ना पेल्कीकडे दोन्ही होतं. घसा लहानपणीच तयार झाला, बापाच्या गाईंना टेकडीपलीकडे हाका मारून मारून. तोंड मात्र तिला विधानसभेत येऊन कमवावं लागलं. आमदार भांडोत, रुसोत, भाषण करता करता रडोत, अध्यक्षांच्या आसनाखालच्या चौथऱ्यावर उभी राहून कारकून व्हर्ना आपली नावं पुकारत राहायची. जिभेखाली लिंबाची गोळी, डाव्या हातात पट्टी, पट्टीखाली यादी. चोवीस वर्षं.

नवा आमदार निवडून आला की पहिल्याच दिवशी ती त्याला गाठायची. "आडनाव कसं म्हणता?"

"कसंही म्हणा हो, चालतं."

"मला नाही चालत. तुमची आई कसं म्हणायची, तसं सांगा."

आणि मग ते नाव ती तसंच घ्यायची, तो माणूस हरून घरी जाईपर्यंत.

फेब्रुवारीत तिला टेसा ब्रूयाचा फोन आला. टेसा टपर हॉलोची तरुण आमदार. त्याच जागेवर तिच्याआधी अठरा वर्षं लेलंड कोटा बसायचा, आणि लेलंड जानेवारीत, अंगणात लाकडं फोडता फोडता गेला होता.

"व्हर्नाबाई, श्रद्धांजलीचा ठराव लिहितेय. लेलंडची हजेरी तेवढी तपासून द्याल? किती मतदानं चुकली त्याची?"

"एक."

"अहो, वही तरी उघडा!"

"एकच, टेसा."

"अठरा वर्षांत एक? मग हे घालायलाच हवं! गावात तर अजून चिडवतात. मेला त्याच्या आदल्या आठवड्यात दुकानात कुणीतरी म्हणालंच, 'काय लेलंड, आज हजर का?' आता ऐका म्हणावं सगळ्यांना."

व्हर्नानं फोन ठेवला आणि तोंडातली गोळी कडकन चावली. चोवीस वर्षांत तिनं गोळी कधी चावली नव्हती.

ते एक मतदान तिच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी झालं. छोट्या गावांच्या शाळा बंद करू नयेत, असं विधेयक होतं. लेलंडनं ते तीन वर्षं डोक्यावर वाहिलेलं. दुपारी त्याच्या बायकोला पोटदुखीनं इस्पितळात नेलं आणि लगेच ऑपरेशन ठरलं. अशा वेळी त्या सभागृहात जोडी लावायची पद्धत होती. ज्याला जायचं आहे तो विरुद्ध मताच्या एकाला धरतो, दोघं एका चिठ्ठीवर सही करतात, एक जातो आणि दुसरा मत देत नाही. कुणाचं नुकसान नाही. चिठ्ठी कारकुनाकडे द्यायची, आणि नावं पुकारायच्या आधी तिनं ती मोठ्यानं वाचायची. बस, एवढंच काम. पण न वाचलेली जोडी कुणाला बांधत नाही.

लेलंडनं गस हॅविलंडला धरलं, सह्या झाल्या. ओव्हरकोटाची एक बाही घालत घालत तो चौथऱ्यापाशी आला. "ही वाच हं, व्हर्ना."

"वाचते. तू पळ."

तिनं चिठ्ठी यादीच्या पुठ्ठ्यात खोचली. विधेयकावर सात तास भाषणं झाली. शेवटी अध्यक्षांनी हातोडा आपटला आणि व्हर्नानं थेट पहिलं नाव पुकारलं.

"कोटा." उत्तर नाही. "कोटा." तिनं चौकटीत 'गैरहजर' लिहिलं, आणि तरीही तिच्या डोक्यात उजेड पडला नाही. तो पडला 'हॅविलंड' म्हटल्यावर. गस क्षणभर तिच्याकडे बघत राहिला, भुवया वर करून, जणू विचारतोय, काय बाई, नाही ना वाचलंस? मग आरामात म्हणाला, "विरुद्ध."

तेव्हा थांबता आलं असतं. पण बाईचा आवाज मागच्या बाकांपर्यंत पोचायचा नाही, असं म्हणणारे दोन म्हातारे समोरच बसले होते, आणि पुकारा मध्येच थांबवणारी कारकून कुणी पाहिलेली नव्हती. व्हर्नानं पुढचं नाव घेतलं.

सत्तर-सत्तर. मतं सारखी पडली की विधेयक पडतं. गसचं एक मत नसतं तर टपर हॉलोची शाळा राहिली असती.

दुसऱ्या दिवशी लेलंड आला. दाढी वाढलेली, शर्ट कालचाच.

"चिठ्ठी वाचली नाहीस, व्हर्ना?"

आणि व्हर्ना म्हणाली, "कुठली चिठ्ठी? तू दिलीच नाहीस."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं टोपी डोक्यावर घातली. "असेल. घाईत होतो. राहिली असेल माझ्याच खिशात."

त्यानंतर तो रोज तिला "सुप्रभात, व्हर्ना" म्हणायचा. तिनं रोज त्याचं नाव नीट घेतलं. चिठ्ठी तिच्या स्वयंपाकघरात, पाककृतींच्या डबीत, गाजराच्या केकच्या कार्डामागे होती. बावीस वर्षांत तिनं गाजराचा केक केला नाही.

ठरावाच्या दिवशी चिठ्ठी तिच्या जाकिटाच्या खिशात होती. का घेतली, ते तिनं स्वतःला विचारलं नव्हतं. कामकाज सुरू व्हायच्या आधी लेलंडची मुलगी नोरीन टेबलापाशी आली. हातात मेपलच्या वड्यांचा डबा.

"तुम्हीच व्हर्ना ना? पप्पा म्हणायचे, राजधानीत आमचं नाव धड घेणारी एकच बाई आहे. हे तुमच्यासाठी."

"कशाला गं एवढं..."

"असू दे. ठराव वाचला मी टेसाकडे. ते एका मतदानाचं वाक्य आहे ना, ते माझ्या आईनं ऐकायला हवं होतं. ऑपरेशन तिचंच होतं ना त्या दिवशी. नंतर पंधरा वर्षं जगली, पण दुकानात म्हणून पाऊल टाकलं नाही. म्हणायची, माझ्या पोटापायी पोरांची शाळा गेली."

हे व्हर्नाला ठाऊक नव्हतं. लेलंड एकटाच सोसतोय, आणि त्याचे खांदे रुंद आहेत, असा हिशेब तिनं इतकी वर्षं चालवला होता.

अध्यक्षबाईंनी हातोडा आपटला. लेलंडच्या जुन्या बाकावर काळं कापड आणि एक पांढरं फूल. सगळे आमदार उभे राहिले, वर सज्जात नोरीन उभी राहिली. व्हर्ना वाचू लागली.

"ज्याअर्थी लेलंड कोटा यांनी टपर हॉलोची अठरा वर्षं सेवा केली, आणि ज्याअर्थी थंडीत ज्याच्या घरचं लाकूड संपलं त्याच्या दारात ते स्वतः गाडी भरून उभे राहत, आणि ज्याअर्थी अठरा वर्षांत ते केवळ एका मतदानास गैरहजर..."

आवाज थांबला. माना वर झाल्या.

"हे खोटं आहे," व्हर्ना म्हणाली.

अध्यक्षबाई पुढे वाकून पुटपुटल्या, "व्हर्ना, बरं नाहीये का? पाणी देऊ?"

"नको. एक वाचायचं राहिलंय." तिनं चिठ्ठी उघडली आणि तिच्या नेहमीच्या सुरात, मागच्या बाकांपर्यंत पोचेल अशी वाचली. "जोडी. टपर हॉलोचे श्री. कोटा हजर असते तर बाजूनं मत देते. श्री. हॅविलंड विरुद्ध देते. दोघंही मत देणार नाहीत." मग म्हणाली, "ही मला दिलेली होती. मी वाचली नाही. त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

"कारकुनाचं बोलणं कामकाजात धरता येत नाही," अध्यक्षबाई हळू आवाजात म्हणाल्या. नियम तसाच होता.

"मग मी बोलते!" टेसा बाकावरून ओरडली. "माझा प्रस्ताव आहे की चिठ्ठी नोंदवहीत घ्यावी आणि ते वाक्य खोडावं."

'हो'चा एकच आवाज उठला. व्हर्नानं वर पाहिलं. सज्जातली जागा रिकामी होती.

नोरीन तिला बाहेर, कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी भेटली.

"पप्पांना माहीत होतं?"

"होतं."

"तरी तुम्हाला वाचवलं."

"हो."

"आणि आईला?" नोरीनचा कोटाचा पट्टा काही केल्या बांधला जाईना. "एका घरात राहायचे ते! एक शब्द बोलले असते तर ती दुकानात गेली असती हो. तुमच्यासाठी माझ्या आईला..."

माफी मागायची, तर ती कुणाच्या वतीनं कुणी द्यायची?

"मला राजीनामा..."

"तो तुमचा तुम्ही बघा. मला त्याचं काय करायचंय?" नोरीननं पट्टा तसाच सोडला. "मे महिन्यात गोठलेली जमीन मऊ झाली की पप्पांना पुरणार आहोत, आईच्या शेजारी. तेव्हा या. ती चिठ्ठी आईला वाचून दाखवा. तिच्या नावानं हाक मारून, मोठ्यानं, इथे वाचलीत तशी. दुकानापर्यंत ऐकू गेली पाहिजे."

"येईन."

नोरीन दारापर्यंत गेली तेव्हा मागून व्हर्नाचा आवाज आला, अगदी बारीक.

"तुमच्या आईंचं नाव... कसं म्हणायचे? त्यांच्या आईकडे?"

नोरीन थांबली. तिनं मान वळवली नाही.

"बे-आ-त्रीस," ती म्हणाली. "शेवटचं लांबवायचं."

व्हर्नानं खिशातून पेन्सिल काढली आणि हाताशी दुसरा कागद नव्हता म्हणून चिठ्ठीच्याच पाठीवर लिहून घेतलं.