अकरा नंबरची गादी

"अण्णा, खरं सांगा. अकरा नंबरच्या गादीला दाभण लावलं का न्हाई?"

हे मी रिसेप्शनच्या काउंटरपुढं विचारलं, मालकांच्या देखत. समोर मल्लाप्पाण्णा उभे. साठीचे गृहस्थ, कपाळाला विभूती, काखेत दुरुस्त केलेल्या उशांचं गाठोडं. आमच्या हॉटेलच्या सगळ्या कापसाच्या गाद्या वीस वर्षं त्यांनीच भरल्या आणि दर वर्षी पिंजून पुन्हा शिवल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मालकांकडं.

"काय म्हंतासा अक्का?"

"मी काय म्हणते ते तुम्हाला चांगलं कळलंय."

आता हे प्रकरण इथवर कसं आलं ते सांगते. कोल्हापुरात स्टेशनजवळच्या एका हॉटेलात मी हाउसकीपिंग सुपरवायझर होते. हाउसकीपिंग म्हणजे चादरी, टॉवेल, बाथरूम, पडदे, गाद्या. पाहुण्याला खोलीत जे दिसतं ते सगळं आणि जे दिसत नाही तेही. संशय घेणं हा माझ्या नोकरीचाच भाग. खोली रिकामी दिसली तरी पलंगाखाली वाकून बघायचं. धोब्यानं "धुतली" म्हणून दिलेली चादर नाकाला लावायची. घरचे म्हणायचे, ही बाई प्रसादाचा शिराही वास घेऊन खाईल. घेतच होते की!

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. आमच्या मालकांना सगळे दादा म्हणायचे. ते पुण्यात एका नव्या हॉटेलात उतरून आले आणि आल्या आल्या माझ्यावरच घसरले.

"बाई, तिथली गादी बघायला पायजे हुती तुम्ही. पडलं की थेट सकाळ! आपल्याकडं लोक गादीवर निजत्यात का पाट्यावर?"

आठ दिवसांत पुण्याहून देशमाने नावाचा सेल्समन हजर. टाय, चकचकीत बूट, बोलण्यात साखर. त्यानं टेंपोतून एक गादी उतरवून घेतली. "मॅडम, ही हायब्रिड मॅट्रेस. खाली स्प्रिंगा, वर फोम. दोन्हींची मिळून एक गादी. दीड महिना ट्रायल घ्या. नाही आवडली तर मी स्वतः परत नेतो."

फुकट म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. मी विचारलं, "स्प्रिंग मोडली तर?"

"मोडत नाही मॅडम."

"पण मोडली तर?"

"मॅडम, मोडतच नाही."

"म्हणजे मोडल्यावर काय करायचं हे तुम्हालाही ठाऊक नाही."

दादा हसले, पण ट्रायलला हो म्हणाले. गादी पसंत पडली तर सगळ्या खोल्यांत हीच येणार, हेही तिथंच ठरलं. म्हणजे अण्णांचं काम बंद. शिवाजी पेठेत त्यांचं एका गाळ्याचं दुकान होतं. पेठेतली घरंसुद्धा हळूहळू फोमकडं वळली होती. त्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणून आमचं हॉटेलच काय ते उरलं होतं. हे मला माहीत होतं, दादांना माहीत होतं, आणि अण्णांना तर होतंच.

गादी टाकली अकरा नंबरला. ती एका पलंगाची खोली. परत द्यायची वस्तू, डाग पडायला नको, म्हणून मी तिला जाड कापडाची खोळ घालायचं ठरवलं. जुनी खोळ काही बसेना, गादी चांगली वीतभर जाड. शेवटी अण्णांनाच माप दिलं. त्यांनी पांढरी खोळ शिवून आणली, अकरा नंबरमध्ये एकट्यानं चढवली आणि तिचं तोंड तिथंच दाभणानं शिवून टाकलं. दाभण म्हणजे गादी शिवायची ती लांब जाड सुई. गादीबरोबर कंपनीचा एक इंग्रजी कागद आला होता. कंपनीचा कागद म्हणजे स्वतःच स्वतःची ओवाळलेली आरती. मी तो न वाचता फाइलला लावला.

सातपुते साहेब आमचे दर मंगळवारचे पाहुणे. शिरोलीच्या फौंड्रीत माल तपासायला यायचे आणि बुधवारी दुपारी जायचे. त्यांना अकरा नंबर दिला. एरवी तिथं पहाटेची गाडी धरणारे एका रात्रीचे पाहुणे, ते गादीबद्दल सांगायला कशाला थांबतायत! बुधवारी सकाळी चहा घेता घेता म्हणाले, "बाई, काय झोप लागली म्हणून सांगू!"

साहेब दमले असतील, असं म्हणून मी ते कानाआड केलं.

पुढच्या बुधवारी त्यांचा चेहरा उतरलेला. "रात्रभर कूस बदलत होतो. पाठीला टोचतंय हो. आणि हललं की कुरकुर वाजतं."

मी लगेच वर जाऊन गादी तळव्यानं दाबून पाहिली. खरंच, आत काहीतरी टणक लागत होतं. खोटं कशाला सांगू, मला आतून बरंच वाटलं. सांगितलं होतं की नाही!

पण तिसऱ्या आठवड्यात साहेब पुन्हा खूश. चौथ्या आठवड्यात पुन्हा कमरेला हात. एक आठवडा गादी शहाणी, एक आठवडा येडी. गादी अशी वागत नाही, माणूस वागतो. मी वही काढली आणि कोणत्या दिवशी वर कोण कोण गेलं ते तपासलं. अण्णा एक मंगळवार सोडून एक मंगळवार उशा दुरुस्तीला न्यायला यायचे. आमची चादरींची खोली अगदी अकरा नंबरला लागून. गादी बिघडली त्या दोन्ही मंगळवारी अण्णा वर गेले होते, काखेच्या पिशवीत दाभण घेऊन. मला आणखी काय पाहिजे होतं?

मग ते गुरुवारी दुरुस्त उशा द्यायला आले, आणि मी काउंटरपुढं तो प्रश्न विचारला.

अण्णा आवाज न चढवता म्हणाले, "अक्का, ती गादी परत गेली तर माझं बरंच हुतंय. ते न्हाई म्हणत न्हाई मी. पन म्हणून दुसऱ्याच्या गादीला भोकं पाडीन? शिवणाऱ्याचा हात हाय ह्यो."

"मग तुम्ही आला की गादी का बिघडते?"

"ते मला काय ठावं?"

दादांना भांडणाचा कंटाळा. ते म्हणाले, "अण्णा, ट्रायल संपस्तोवर तुम्ही येऊ नका. मग बघू."

अण्णांनी गाठोडं काउंटरवर ठेवलं. "ह्या उशा झाल्यात तेवढ्या," एवढंच म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. आमची रूम अटेंडंट सुशीला कोपऱ्यात बादली धरून सगळं ऐकत होती. "बाई, लई बोललासा," ती म्हणाली. मी तिला गप्प बसवलं.

पाचव्या आठवड्यात साहेबांनी गादीची तारीफ केली. मी दादांना मुद्दाम जाऊन सांगितलं, "बघा. अण्णा बंद, गादी सुधारली." काय तो माझा रुबाब!

सहाव्या बुधवारी सातपुते साहेब काउंटरशी वाकडे होऊन उभे. "बाई, तुमचं माझं काही वैर आहे का?"

अण्णांनी दोन आठवडे हॉटेलची पायरी चढली नव्हती. मग कोण? सांगायला लाज वाटते, पण माझा संशय सरळ सुशीलेवर गेला. किल्ल्या तिच्याकडं आणि अण्णांची बाजू घेणारीही तीच. मी तिला गाठलं. "अकराच्या गादीशी तू काय करतेस?"

बारा वर्षं हाताखाली काम केलेली बाई, ती कशाला ऐकून घेतेय? "मी काय करनार? ती भली थोरली गादी मला एकटीला उचलती व्हय? दर सोमवारी तुम्ही एक बाजू धरता, मी एक धरते, तवा कुठं उलटती!"

सोमवारी.

मी तशीच अकरा नंबरमध्ये गेले, दार लावलं आणि भरदुपारी गादीवर आडवी झाले. टोचत होतं. उठून कात्रीनं खोळीचं तोंड कापलं. वरच्या बाजूला करड्या रंगाचं खरबरीत कापड, आणि बोटं दाबली की खाली स्प्रिंगांची वेटोळी हाताला लागत होती. खालून हात घातला तर तिकडं मऊ फोम. गादी पालथी होती. खोळ दोन्हीकडून सारखीच पांढरी, त्यामुळं कुणाला दिसणार तरी काय?

इथं थोडं समजावून सांगते. कापसाची गादी उलटावीच लागते, नाहीतर कापूस एका जागी दबून खड्डा पडतो. म्हणून मी प्रत्येक खोलीच्या कपाटात एक कार्ड लावलं होतं. त्यावर माझ्या अक्षरात पहिलीच ओळ होती, "सोमवार: गादी उलटणे." आमच्या एकाही गादीला खड्डा नाही, हे मी अभिमानानं सांगायचे. आणि त्याच कार्डाप्रमाणं पाच सोमवार मी ही नवी गादी स्वतःच्या हातानं उलटत होते. एकदा पालथी, एकदा उताणी.

फाइलमधला कागद काढला. इंग्रजी वाचायचीही गरज नव्हती. गादी उलटणाऱ्या बाणाचं चित्र आणि त्यावर ठळक लाल फुली! तरी देशमान्यांना फोन लावला.

"मॅडम, हिला एकच बाजू असते. डोक्याकडची पायाकडं फिरवायची, उलटायची कधीच नाही. तुम्ही उलटलीत का?"

"ठेवते," मी म्हटलं.

त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. नुसती माफी मागून भागणार नव्हतं. अण्णांचं नाव धुवायचं तर गादीत काही खोट नाही, असं दादांना सांगावं लागणार. ते सांगितलं की सगळ्या गाद्या बदलणार आणि अण्णांचं काम कायमचं जाणार. गप्प बसले तर गादी परत जाईल, दादा हे प्रकरण विसरतील, आणि दोन महिन्यांनी अण्णा पुन्हा उशा न्यायला येतील. गप्प बसावं असं मला वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवाजी पेठेत गेले. अण्णा दुकानात गादीला टाके घालत बसले होते. उभ्या उभ्याच मी सगळं सांगून टाकलं आणि विचारलं, "दादांना सांगू का नको? तुम्ही म्हणाल तसं."

त्यांनी हातातला टाका पुरा केला. मग म्हणाले, "खोळीचं तोंड कापलंसा?"

"व्हय."

"उसवायचं हुतं अक्का. चांगलं कापड वाया घालवलासा."

मला रडूच आलं.

"सांगा दादास्नी," ते म्हणाले. "कामाचं काय, दुसरं बघीन. पन गादी फाडणारा म्हणून नाव झालं तर ह्या पेठेत मला दुकान उघडून बसता येतंय व्हय? आणि सांगायचं ते त्या काउंटरपुढंच सांगा. तिथंच बोललासा न्हवं?"

तिथंच सांगितलं. दादा होते, रिसेप्शनचा माणूस होता, सुशीला होती. अण्णांनाही बरोबर नेलं होतं. गादी मी पालथी घातली, दोष माझा, अण्णांचा काडीचा संबंध नाही, असं मोठ्यानं म्हटलं. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हणजे गादी चांगली हाय?"

"चांगली आहे," मी म्हणाले. अण्णा माझ्या शेजारीच उभे होते.

पुढच्या महिन्यात सगळ्या खोल्यांत नव्या गाद्या आल्या. मी दादांशी भांडून एक गोष्ट मात्र करून घेतली. सगळ्या खोळी अण्णांनीच शिवायच्या, आणि प्रत्येक खोळीच्या वरच्या बाजूला लाल कापडाची पट्टी लावायची. कार्डावरची सोमवारची ओळही मी खोडली. संशय घ्यायची सवय काही गेली नाही. पण तेव्हापासून आधी कंपनीचा कागद वाचते, मग माझ्या हातांनी काय केलंय ते बघते, आणि मग दुसऱ्याच्या पिशवीकडं.

अण्णांनी आमच्यासाठी केलेलं ते शेवटचं काम. शेवटची खोळ चढवून त्यांनी तिचं तोंड शिवलं, दाभण पिशवीत टाकलं आणि लाल पट्टीवरून हात फिरवला.

"लाल बाजू वर, अक्का," ते म्हणाले. "आता तुम्ही माझ्यावर न्हाई, हिच्यावर नजर ठेवा."