भाऊजींनी घेतलेलं ताईचं नाव

कापसाच्या त्या वाईट वर्षांत माझे भाऊजी गेले. पऱ्हाटीवर फवारणी करताना औषध अंगात भिनलं. तीन दिवस दवाखान्यात होते, शुद्धीवर आलेच नाहीत.

दोन महिन्यांनी ताई महागावकडून एसटीनं माझ्याकडे कळंबला आली. मी तेव्हा घरच्या कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका, अर्ज टाइप करून द्यायचे. तिनं पिशवीतून लग्नाची सीडी काढली.

"याच्यात त्यायचा उखाणा हाये. तेवढाच तुकडा काढून दे मले," ती म्हणाली. "त्यायनं माह्यं नाव तेवढ्या वेळीच घेतलं. घरी तं कायम 'अवं'च."

सीडीवर चरे पडले होते, तरी सगळं शूटिंग कसंबसं कॉम्प्युटरमध्ये उतरलं. मी मोठ्या जाणकारीनं सांगितलं, "आता हे इथं पक्कं राह्यलं. सीडीचं काही काम नाई." ताई सीडी पिशवीत टाकून सासरी परतली.

व्हिडिओ कापायचं एक साधं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरमध्ये होतं. मी ते पहिल्यांदाच उघडलं. भाऊजी दिसत होते, पण आवाज मागून यायचा. ओठ मिटल्यावर शब्द. लोडशेडिंगमधून जे काही तास मिळायचे, त्यात मी खटपट करायचे. चित्र तरी नीट चालतं का, हे बघायला एकदा आवाज बंद करून छोटी फाइल बनवली. मग सॉफ्टवेअरमध्येच आवाज चित्रापासून सुटा करून रेसभर पुढं सरकवला, पुन्हा ऐकला, पुन्हा सरकवला. आठव्या दिवशी जुळलं. उखाण्याची दुसरी ओळ विसरून भाऊजी हसतात आणि सरळ ताईचं नाव घेतात. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

काम सेव्ह केलं. व्हिडिओ बनवायला गेले तर डिस्कमध्ये जागाच नव्हती. कापून झालंय, आता मूळ शूटिंग कशाला, असं वाटून मी ते पुसलं. रिसायकल बिनसुद्धा रिकामा केला.

पुन्हा उघडलं तर चित्रांच्या जागी लाल फुल्या. सॉफ्टवेअरनं कुठं कापायचं तेवढंच लक्षात ठेवलं होतं. भाऊजी त्या पुसलेल्या फाइलमध्येच होते.

शूटिंगवाल्याच्या कॅसेटवर केव्हाच दुसरं लग्न उतरलं होतं. ताईला फोन केला, सीडी मागितली. तिच्या सासऱ्यांनी ती ज्वारीत पाखरं हाकायला टांगली होती. तिनं ती सोडून आणली. उन्हानं सीडीची चकाकी उडाली होती. कॉम्प्युटरनं ती घेतलीच नाही.

मग मी तिला खुर्चीवर बसवलं आणि ती बिनआवाजाची फाइल लावली. भाऊजी हसले, ओठ हलले.

"आवाज काहून नाई?"

मी सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. स्क्रीनकडे बघतच तिनं विचारलं, "तू तं लय खेपा ऐकलं असशीन. कसे म्हणले होते? म्हणून दाखव."

मी तिचं नाव घेतलं. भाऊजींनी घेतलं होतं तसं, शेवटाला थोडं लांबवून.

तिनं मान हलवली. "नाई. तसं नव्हतं."

मी पुन्हा म्हटलं, जरा हळू. तिनं पदरानं डोळे पुसले आणि मला चित्र परत लावायला सांगितलं.