माळ्यावरची औटकी

मी चौथीत असताना आमच्या कन्याशाळेची मॉनिटर लग्न होऊन सासरी गेली आणि तिची जागा रिकामी झाली. शाळा सुटायच्या आधी मॉनिटरने समोर उभं राहून पाढे सांगायचे आणि बाकी सगळ्यांनी तिच्यामागून म्हणायचे, एवढंच ते काम. पण मला ते फार हवं होतं. गोवऱ्या थापताना मी त्या रांगेने मांडायची आणि मनातल्या मनात त्यांना सांगायची, "हं, म्हणा."

मास्तर म्हणाले, "सोमवारी जी औटकी न अडखळता सांगेल, ती मॉनिटर."

औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. वर्गात तो फक्त मला पुरता येत होता, आणि वर्गात आवाज नव्हता तोही मलाच. घरी आम्ही अहिराणी बोलायचो. शाळेत तोंड उघडलं की 'आहे'च्या जागी 'शे' निघायचं आणि मुली खिदळायच्या. मग मी बोलणंच सोडलं होतं.

ते दिवस हुरड्याचे होते. शाळा सुटली की मी गिरणेकाठच्या आमच्या शेतात माळ्यावर, म्हणजे लाकडी मचाणावर, चढून पाखरं हाकलायची. तिथे माझ्याकडे बघणारं कुणी नव्हतं. नुसतं "हाऽऽ" करून कंटाळा आला, म्हणून औटकीच ओरडू लागले. "दोन औटं साऽऽत! तीन औटं साडेदहाऽऽ!" शेवट लांबवला की थवा भुर्रकन उठायचा.

शेजारच्या शेतातली अक्का हसायची. "काय व पोरी, पाखरेस्ले पाढा शिकाडी ऱ्हायनी का?"

रविवारी नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पोस्टमास्तरांच्या घरच्यांना हुरड्याला बोलावलं. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. ते लोक बदलून आलेले. तिचं बोलणं धड्यातल्यासारखं, आवाज खणखणीत, वेणीला रोज रिबीन. हुरडा खाऊन ती माळ्याखाली येऊन उभी राहिली.

"अगं, ही औटकी ना? मी मध्येच चुकते. परत म्हण ना."

मी खाली न बघता म्हणत राहिले. ती खालून मागोमाग म्हणत होती. तेव्हा मला फार बरं वाटलं. मी सांगत होते आणि कुणीतरी माझ्यामागून म्हणत होतं.

सोमवारी मास्तरांनी विचारलं, "कोण सांगतं?"

मी परकराची कड मुठीत धरली. उठायचं ठरवेपर्यंत ती पुढे जाऊन उभीही राहिली होती. तिने औटकी एकदाही न चुकता सांगितली, आणि दर ओळीचा शेवट लांबवला. माझी पाखरं उडवायची ती लकब! सगळ्या मुली तशाच लांबवून म्हणू लागल्या.

मास्तर खूश झाले. "हा सूर कुठला गं?"

"हिचा, मास्तर." तिने माझ्याकडे बोट केलं. "हिनेच मला काल शिकवली. हिला माझ्याहून चांगली येते."

"असं? ऊठ बघू. सांग."

मी उठले. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "एक औट" एवढं ओठांतल्या ओठांत म्हटलं आणि पुढे घशातून काही निघेना. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "शे." वर्गात हशा फुटला.

"बस हो बाळ," मास्तर म्हणाले. मग तिच्याकडे वळून, "मैत्रिणीला मोठेपणा देतेस. मॉनिटरच्या अंगी हा गुण हवाच."

म्हणजे पाढा माझा, सूर माझा आणि वर चांगुलपणाही तिच्याच पदरात. तिने चोरून घेतलं असतं, तर मला तिला मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. तिने सगळं खरं सांगितलं, आणि ते कुणालाच खरं वाटलं नाही. इतकी वर्षं झाली, तरी ते खणखणीत "हिचा, मास्तर" आठवलं की हातातलं भांडं मी आपटूनच ठेवते.

त्या संध्याकाळी मी माळ्यावर गप्प बसून राहिले. ओरडले असते तर मीच तिची नक्कल करते आहे असं झालं असतं. पाखरं खुशाल कणसांवर उतरली.

बांधावरून नाना ओरडले, "आज काय व, आवाज नही तुना? पाखरेस्नी बठ्ठी ज्वारी खाई टाकी!"

मी गोफण उचलली. गावाच्या, म्हणजे शाळेच्या, बाजूला एकही पाखरू नव्हतं. तरी मी सगळे खडे तिकडेच भिरकावले.