आत्यानं विळा उकळला

अमेरिकेतल्या लढाईपायी वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या हंगामात अकोटजवळच्या आमच्या गावानं माझ्या आत्याचा उजवा हात मोडला. मी पुढं घराण्यातला पहिला पदवीधर झालो; पण तेव्हा अठराचा होतो, अमरावतीच्या इंग्रजी शाळेतून वेचणीसाठी घरी आलो होतो.

आत्या सुईण. बायका कपाशीच्या ओळीतच बाळंत व्हायच्या. हाती येईल त्या विळ्यानं नाळ कापायची, वर शेण लिंपायचं. आठवड्यात पोरांचे जबडे आवळायचे नि ती दगावायची. आत्यानं दोन दोऱ्या केल्या : एक शेणाच्या पोरांची, एक उकळलेल्या विळ्याच्या, बिनशेणाच्या पोरांची. पोर मेलं की गाठ. पहिली दोरी गाठींनी भरली. दुसरीला तोवर एकही गाठ नव्हती.

पण नाळेचा विळा आमच्याकडे पाचवीला सटवाईपुढे न धुता मांडतात. उकळलेल्या विळ्यानं नाळ कापलेलं शेजारचं पोर सातव्या दिवशी गेलं, तेव्हा गाव तिच्यावर धावलं.

"सटवाईले शिजवलं हिनं!"

केस धरून तिला अंगणात ओढलं. मेलेल्या पोराच्या आजीनं सरकी काढायच्या चरकीचा लोखंडी दांडा तिच्या बोटांवर हाणला. हाडं मोडलेली मी ऐकली. त्या घरच्या थोरल्याचे दोन दात मी पाडले. त्याची लाज मला आजही नाही.

तिसऱ्या दिवशी दिवस भरलेल्या माझ्या बायकोला कळा सुरू झाल्या. कोणी सुईण येईना. बाहेरून छपराच्या कवेलूंवर दगड पडत होते.

"बापू, विळा उकळ," आत्या मला म्हणाली. "हात तुहे, अक्कल माही."

बाळंतिणीच्या खोलीत पुरुष! बाबांनी कपाळ बडवलं. पोरगी झाली; नाळ मी कापली. आई शेण घेऊन आली, तर आत्यानं डाव्या हातानं तिचं मनगट पिरगाळलं.

"वयनी, सात दिवस थांब. पोरगी मेली तं मले गावाभाईर काढा."

आठव्या दिवशी सकाळी पोरगी भुकेनं किंचाळली. आत्याला हाकलायला अंगणात काठ्या घेऊन बसलेली माणसं एकेक उठून गेली. शेजारच्या मेलेल्या पोराची आजी तेवढी बसून राहिली.

"तू गेल्यावर आमच्या पोराच्या नाळेले शेण मीच लावलं होतं व बाई."

"मले नको सांगू," आत्या म्हणाली. "गावातल्या बायांले सांग."

आजीनं दारोदार जाऊन सांगितलं. पुढं तेल्हाऱ्यापर्यंतच्या सुईणी विळा उकळू लागल्या. आत्याची बोटं मात्र कधी सरळ झाली नाहीत.